मदत करा, गृहपाठ करू नका

(रविवारच्या अभ्यासवर्गांत शिकवणाऱ्या तरुण स्वयंसेवकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता, 'डिप्लोमा आणि आयटीआयच्या मुलांना अभ्यासात मदत कशी करावी'. विषय मोठा आहे. मी त्यातला एक लहान तुकडा घेतो, कारण तेवढाच मला नीट माहीत आहे. तो तुकडा म्हणजे लॅडर लॉजिक, कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीचं प्रोग्रॅमिंग. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, शिक्षक नाही. त्यामुळे शिकवण्याचं शास्त्र मी सांगणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे, आणि त्यानंतर मी काय बदललं ते.

चूक आधी सांगतो.

माझ्या मामूंचा मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करत होता. मी ईदला घरी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन आला. "भाईजान, उद्या सबमिशन आहे. कन्व्हेअरचा प्रोग्रॅम आहे. जरा बघा ना." मी बघितलं. सोपा होता. स्टार्ट दाबला की बेल्ट चालू, स्टॉप दाबला की बंद, टायमर लावून मध्ये थोडा थांबा. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि वीस मिनिटांत सगळं करून दिलं. सिम्युलेटरवर चालवूनही दाखवलं. मामींनी चहा केला, सगळ्यांनी कौतुक केलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

त्याला चांगले गुण मिळाले. पुढे एका छोट्या पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात तो ट्रेनी म्हणून लागला. तिथे त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते एका लहान कन्व्हेअरचं. त्याने काय केलं? माझाच प्रोग्रॅम काढला आणि उतरवला. माझ्या प्रोग्रॅममध्ये स्टॉपचं बटण साधं होतं, म्हणजे दाबल्यावर सिग्नल देणारं. सिम्युलेटरवर ते चालतं. त्याने प्रत्यक्ष पॅनेलवरही तसंच बटण जोडलं. तपासणीत स्टॉप दाबला, बेल्ट थांबला, काम पास झालं.

काही आठवड्यांनी कंपनामुळे त्या स्टॉपच्या बटणाची एक वायर सैल होऊन निघाली. कोणाला कळलं नाही, कारण यंत्र नेहमीसारखं चालू होतं. मग एक दिवस एका हेल्परचा हातमोजा रोलरखाली ओढला गेला. शेजारच्याने स्टॉप दाबला. बेल्ट थांबला नाही. पुन्हा दाबला. थांबला नाही. सुदैवाने एका जुन्या फिटरने धावत जाऊन लाल इमर्जन्सी बटण मारलं. ते प्रोग्रॅममधून जात नव्हतं, सरळ कॉन्टॅक्टरचा पुरवठा तोडत होतं. बेल्ट थांबला. हात वाचला, मोजा रोलरखाली राहिला.

त्या हेल्परचं वय एकोणीस होतं.

मामूंच्या मुलाला नोकरीवरून काढलं नाही, पण तीन महिने पॅनेलला हात लावू दिला नाही. त्याने मला फोन केला तेव्हा तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. म्हणाला, "भाईजान, प्रोग्रॅम तर बरोबर होता ना?" त्या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं हे मला कळेना. गृहपाठापुरता बरोबर होता. यंत्रासाठी चूक होता. आणि हा फरक मी त्याला सांगितलाच नव्हता, कारण त्या रात्री मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

आता ज्यांनी लॅडर लॉजिक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कागदावर दोन उभ्या रेघा ओढा. त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या काढा. झाली शिडी. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी असतात, त्यांना काँटॅक्ट म्हणतात. उजव्या टोकाला परिणाम असतो, त्याला कॉइल म्हणतात. अटी पूर्ण झाल्या की कॉइल चालू. पीएलसी आधी सगळी बटणं आणि सेन्सर वाचतो, मग शिडी वरून खाली एकेक पायरी सोडवतो, शेवटी मोटर, दिवे, व्हॉल्व यांना आदेश देतो. आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. सेकंदात कित्येक वेळा हा फेरा चालतो. याला स्कॅन म्हणतात.

ही शिडी आली कुठून? पूर्वी यंत्रांचं नियंत्रण रिलेंनी भरलेल्या कपाटांतून व्हायचं. यंत्राचं काम बदललं की शेकडो वायरी उसकटून पुन्हा जोडायच्या. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने, म्हणजे गिअरबॉक्स बनवणाऱ्या विभागाने, याला पर्याय मागितला. डिक मोर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र बनवलं. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव '०८४'. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या आकृतीसारखी ठेवली, कारण कारखान्यातल्या वायरमनला ती आकृती आधीच वाचता येत होती. पुढे १९९३ साली आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात लॅडरला अधिकृत जागा मिळाली.

हा इतिहास मी माहितीसाठी सांगत नाही. यातून एक गोष्ट कळते. ही भाषा यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला वाचता यावी म्हणून जन्माला आली. रात्रपाळीत यंत्र बंद पडतं तेव्हा तिथे प्रोग्रॅम लिहिणारा नसतो. तिथे एक मेंटेनन्सवाला असतो आणि समोर ही शिडी असते. उद्या तो मेंटेनन्सवाला म्हणजे आपला हा विद्यार्थी असणार आहे. त्याला शिडी वाचता आली नाही, तर मिळवलेल्या गुणांचा उपयोग काय?

त्या प्रसंगानंतर मी मुलांना मदत करायची पद्धत बदलली. आता काय करतो ते सांगतो.

पहिली गोष्ट. माउस आणि पेन विद्यार्थ्याच्या हातात राहील. मी हात मागे बांधून बसतो. हे ऐकायला सोपं आहे, पण करून बघा. मुलगा चुकीच्या जागी काँटॅक्ट टाकत असतो आणि आपला हात शिवशिवत असतो.

दुसरी गोष्ट. प्रोग्रॅम उघडण्याआधी यंत्र काय करतं ते त्याच्या भाषेत लिहायला सांगतो. मराठीत, हिंदीत, घरी बोलतो तशा दखनीत, कशातही. "टाकी रिकामी झाली की पंप चालू, भरली की बंद, मधल्या पातळीला जसा आहे तसा राहू दे." पुस्तक इंग्रजीत असतं, परीक्षा इंग्रजीत असते, त्यामुळे मुलांना वाटतं विचारही इंग्रजीतच करायचा. 'जसा आहे तसा राहू दे' हे वाक्य ज्याने आपल्या भाषेत लिहिलं, त्याला होल्डिंग का लागतं ते अर्धं समजलेलं असतं.

तिसरी गोष्ट. उत्तर द्यायचं नाही, पुढचा एक प्रश्न द्यायचा. उदाहरण देतो. स्टार्ट-स्टॉपचा सगळ्यात पहिला गृहपाठ. मुलाने स्टार्टचा काँटॅक्ट आणि मोटरची कॉइल एवढंच काढलेलं असतं.

मी विचारतो, "बोट दाबलंस, काय झालं?"

"मोटर चालू."

"बोट उचललंस?"

"बंद पडली."

"मग बोटाच्या जागी कोण दाबून धरेल?"

इथे शांतता होते. ही शांतता महत्त्वाची आहे. ती आपल्याला सहन होत नाही, आणि आपण बोलून टाकतो. बोलू नका. मी मनात पन्नासपर्यंत आकडे मोजतो. बहुतेक वेळा तीसच्या आसपास मुलगा म्हणतो, "मोटर स्वतःच?" हो, स्वतःच. मोटरचाच एक काँटॅक्ट स्टार्टला समांतर टाकायचा. झालं होल्डिंग. हे त्याने शोधलं, मी नाही.

मग मी विचारतो, "स्टॉप कुठे टाकशील?" काही मुलं तो फक्त स्टार्टच्या फांदीत टाकतात. मी चूक म्हणत नाही. म्हणतो, "चालव." मोटर चालू होते, स्टॉप दाबतो, थांबत नाही. "वीज कोणत्या वाटेने गेली, बोट फिरवून दाखव." बोट फिरवताना त्याला दिसतं की होल्डिंगची फांदी स्टॉपला वळसा घालून जाते. स्टॉप दोन्ही फांद्यांच्या बाहेर हवा. हे एकदा बोटाने कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

आणि मग तो प्रश्न, जो मी माझ्या मामेभावाला विचारला नव्हता. "स्टॉपची वायर तुटली तर?" प्रत्यक्ष पॅनेलवर स्टॉपचं बटण नॉर्मली क्लोज्ड जोडतात. म्हणजे न दाबता सिग्नल सतत येत असतो, दाबलं की जातो. वायर तुटली तरी जातो, आणि यंत्र थांबतं. बिघाड झाला तर यंत्र थांबण्याच्या बाजूने झुकलं पाहिजे, चालू राहण्याच्या नव्हे. इथे मुलं हमखास एका ठिकाणी अडतात. बटण नॉर्मली क्लोज्ड आहे म्हणून प्रोग्रॅममध्येही तिरकी रेघ असलेला काँटॅक्ट टाकतात, आणि मोटर चालूच होत नाही. मग मला फोन येतो.

मी फोनवर एवढंच विचारतो, "पीएलसीवर स्टॉपच्या इनपुटचा दिवा बघ. न दाबता जळतोय का?" "जळतोय." "म्हणजे प्रोग्रॅमला एक दिसतंय की शून्य?" "एक." "मग तिरकी रेघवाला काँटॅक्ट एक आल्यावर काय करतो?" पलीकडून "अरे हां" असा आवाज येतो आणि फोन कट होतो. धन्यवाद म्हणायचं राहून जातं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

चौथी गोष्ट. स्कॅन हाताने करून दाखवायला सांगतो. कागदावर शिडी, आणि प्रत्येक इनपुट-आउटपुटवर एक रुपयाचं नाणं. छापा म्हणजे एक, काटा म्हणजे शून्य. एका मुलीचा पंपाचा प्रोग्रॅम होता. मॅन्युअलची पायरी वर, ऑटोची पायरी खाली, आणि दोन्हीकडे पंपाची तीच कॉइल. ऑटो चालायचं, मॅन्युअल चालायचं नाही. ती दोन दिवस बटण बदलून बघत होती. मी नाणी मांडायला सांगितली. पहिली पायरी सोडवली, पंपाचं नाणं छापा. खालच्या पायरीवर आली, ऑटो बंद, नाणं काटा. फेरा संपला, आउटपुट लिहायची वेळ आली, नाणं काट्यावरच. ती नाण्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे शेवटचा बोलतो त्याचं ऐकतात." बरोबर. एक कॉइल एकाच पायरीवर, अटी मात्र समांतर. हा नियम मी सांगितला असता तर तिने वहीत लिहून घेतला असता. आता तो तिचा आहे.

पाचवी गोष्ट, आणि गृहपाठाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगाची. मूळ प्रश्नाला हात लावू नका, त्याच्या जुळ्या भावाला लावा. गृहपाठ चौकातल्या सिग्नलचा असेल तर मी जिन्याच्या दिव्याचा प्रश्न घेतो, बटण दाबलं की चालू आणि दोन मिनिटांनी आपोआप बंद. दोन्हीकडे टायमरच आहे. गृहपाठ स्टार-डेल्टा स्टार्टरचा असेल तर मी एकच मोटर पुढे आणि मागे फिरवण्याचा प्रश्न घेतो. दोन्हीकडे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागले तर शॉर्ट सर्किट होतं, म्हणून दोन्हीकडे इंटरलॉक लागतो. जुळ्या प्रश्नावर मी पूर्ण मदत करतो, गरज पडली तर सोडवूनही दाखवतो. मग म्हणतो, आता तुझ्या प्रश्नाकडे जा. अशाने मदतही होते आणि गृहपाठ त्याचाच राहतो.

सराव कुठे करायचा? प्रत्येकाकडे पीएलसी नसतो, महाग असतो. पण ओपनपीएलसीसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, कोडेसिसमध्ये सिम्युलेशन करता येतं. अभ्यासवर्गात एक जुना लॅपटॉप असला तरी चालतो. तोही नसेल तर नाणी आणि कागद आहेतच.

आता अवघड भाग. रात्री अकरा वाजता फोन येतो. "सर, उद्या सबमिशन आहे. प्रोग्रॅम पाठवा ना." आपण काय करायचं?

मी नाही म्हणतो. पण नाही म्हणून फोन ठेवत नाही. म्हणतो, "तुझं जेवढं झालंय तेवढं पाठव. त्यात आज रात्री एक पायरी पुढे जाऊ. उरलेलं अपुरं दे, आणि खाली लिही की इथे अडलो." एका मुलीने हे केलं. तिचे गुण कमी झाले. तिच्या मैत्रिणीने कोणाकडून तरी तयार प्रोग्रॅम आणला आणि तिला जास्त मिळाले. ती माझ्यावर चिडली, दोन आठवडे वर्गाला आली नाही. तिची चूक नव्हती. आपल्या मुलांसाठी दोन गुणही छोटे नसतात. स्कॉलरशिप, थेट दुसऱ्या वर्षाचा इंजिनियरिंग प्रवेश, सगळं टक्क्यांवर असतं. म्हणून हा मार्ग सोपा आहे असं मी म्हणत नाही. ती परत आली तेव्हा सबमिशनला सहा दिवस होते आणि तिच्याकडे तीन नेमके प्रश्न होते. मी तिला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी अकरा वाजता नाही, असेच सहा दिवस आधी फोन कर.

मित्रांनो, आपण उत्तर का देऊन टाकतो, याचाही विचार करा. मी माझ्यापुरता केला. एक कारण दया. या मुलाच्या घरी विचारायला कोणी नाही, म्हणून आपण करून देतो. दुसरं कारण घाई. समजावायला दोन तास लागतात, करून द्यायला वीस मिनिटं. आणि तिसरं कारण, जे मान्य करायला जड जातं, ते म्हणजे आपला मोठेपणा. त्या रात्री चहा आणि कौतुक मला मिळालं होतं. मामूंच्या मुलाला काय मिळालं ते मी सांगितलंच.

दयेबद्दल एक शब्द आणखी. 'बिचाऱ्याला काय जमणार' असं धरून आपण करून देतो, तेव्हा आपण त्याच्याबद्दल एक मत बनवलेलं असतं आणि ते त्याला ऐकू जातं. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील मोटर वाइंडिंगचं काम करतात. हा लहानपणापासून दुकानात बसलेला. पण वर्गात कधी सांगायचा नाही, त्याला लाज वाटायची. एकदा सगळे स्टार-डेल्टावर अडले होते. मी विचारलं, मोटर सुरू होताना पॅनेलमधून काय आवाज येतो? तो हळूच म्हणाला, "आधी एकदा टक्, मग थोड्या वेळाने टक्-टक्." मी म्हटलं, ते टक्-टक् म्हणजे काय? म्हणाला, "स्टार सुटतो, मग डेल्टा बसतो. दोन्ही बरोबर बसले तर उडतंय सगळं." पुस्तकातलं अख्खं पान त्याने दोन वाक्यांत सांगितलं. त्याला इंटरलॉक माहीत होता, त्याचं चिन्ह तेवढं माहीत नव्हतं. त्याला प्रोग्रॅम लिहून दिला असता तर हे मला कधीच कळलं नसतं, आणि त्यालाही.

हल्ली कोणी म्हणेल, फोनमधल्या एआयला विचारलं तरी प्रोग्रॅम मिळतो, मग तुमची गरज काय? खरं आहे. उत्तर मिळवण्यासाठी आता माझी गरज नाही. म्हणूनच उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. मुलं एआयकडून प्रोग्रॅम घेऊन आली तरी मी रागावत नाही. तो कागदावर काढायला सांगतो, नाणी मांडतो आणि विचारतो, "स्टॉपची वायर तुटली तर?" उत्तर कोणीही लिहिलेलं असो, या प्रश्नाला त्याला स्वतःला तोंड द्यायचं आहे.

माझा मामेभाऊ आता दुसऱ्या एका कारखान्यात आहे. यंत्रं बसवून सुरू करून द्यायचं काम करतो. त्याच्या हाताखाली दोन ट्रेनी आहेत. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा सांगत होता, नवीन पॅनेल सुरू झालं की तो ट्रेनीला काही न सांगता स्टॉपची एक वायर काढतो आणि म्हणतो, "आता यंत्र चालू करून दाखव." यंत्र चालू झालं, तर तो ते पॅनेल पास करत नाही. का ते मात्र तो सांगत नाही. ट्रेनीला शोधायला लावतो.

मी त्याला हे शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं. तुमच्या वर्गात पुढच्या रविवारी कोणी लॅपटॉप घेऊन येईल, तेव्हा तो तुमच्याकडे ओढू नका. त्याच्या शेजारी बसा.